तिसरे छिद्र

वसईच्या आमच्या वाडीत दुपारी केळीच्या बागांना पाणी सोडण्यासाठी पंप सुरू झाले की घरातले दिवे मंदावतात आणि रात्री पंप थांबले की ते प्रखर होतात. या चढउताराची आम्हाला इतकी सवय झाली होती की, त्यात काही धोका असेल हे कधी मनातही आले नाही.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे पडली, तारा तुटल्या, वीज गेली. काही दिवसांनी ती परतली आणि त्याच संध्याकाळी ओटीवरचा पिवळा दिवा एकाएकी पांढराशुभ्र पेटून विझला. आतून जळका वास आला. टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि जुना कॅसेट डेक, तिन्ही निकामी झाले होते. डेकमध्ये १९८८ सालची एक कॅसेट अडकली होती. आत्याच्या लग्नातली सामवेदी बोलीतील गाणी, आईच्या आवाजात. आई आज नाही आणि तिच्या आवाजाची दुसरी फीत आमच्यापाशी नव्हती.

खांबावरची न्यूट्रल तार तुटल्याचे मागाहून कळले. तसे झाले की निरनिराळ्या फेजवरची घरे जणू एका माळेत ओवली जातात आणि दोन फेजमधला सुमारे ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यात विषम वाटला जातो. ज्या घरी पंप चालू असेल तेथे दाब घसरतो; जेथे एकदोन दिवेच जळत असतील तेथे तो २३० व्होल्टच्या कितीतरी वर चढतो. आमच्या घरी त्या वेळी पंप चालू नव्हता.

आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने प्रथम स्पाइक गार्डची पट्टी दाखवली, मग स्टॅबिलायझर आणि शेवटी एक जड, चकचकीत पॉवर कंडिशनर. किंमत ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. परंतु पुन्हा नुकसान नको, म्हणून तोच घ्यायचे जवळजवळ ठरवले. घरी आल्यावर आमच्या जुन्या वायरमनकाकांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “मास्तर, पेटी मागाहून आणा. आधी अर्थिंग पाहू.”

त्यांनी प्लग-पॉइंटच्या फेजच्या आणि वरच्या मोठ्या छिद्रांत चाचणीच्या दिव्याच्या तारा धरल्या. दिवा पेटलाच नाही. अंगणात फरशी घालताना अर्थिंगची तार तुटली होती आणि ते तिसरे छिद्र कित्येक वर्षे नुसते शोभेचे होते. काकांनी समजावले की, स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर दाबाचा क्षणिक झटका मुख्यत्वे जमिनीकडे वळवतो. जमिनीची वाटच बंद असेल तर त्याचे निम्मे बळ सरते. शिवाय प्रत्येक झटक्यासरशी तो झिजतो, आणि चढलेला दाब टिकून राहिला तर स्वतःच जळतो. न्यूट्रल तुटल्यावर त्याचा उपयोग नाही. तेथे पुरवठाच तोडणारे उपकरण हवे.

विहिरीजवळच्या ओलसर जागी खड्डा खणून कोळसा व मीठ घालून नवे अर्थिंग केले. मेन बोर्डावर दाब फार चढला वा उतरला की वीज तोडणारे आणि काही वेळ थांबून पुन्हा जोडणारे उपकरण बसवले. नव्या टीव्हीच्या पाठीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिले होते. कमी दाबासाठी त्याला स्टॅबिलायझरची गरजच नव्हती. एक छोटा स्टॅबिलायझर घेतला तो जुन्या डेकसाठी. त्या चकचकीत पेटीवाचून आमचे काही अडले नाही.

डेकचा जळलेला ट्रान्स्फॉर्मर एका कारागिराने पुन्हा गुंडाळून दिला. फीत शाबूत होती. आईचा आवाज ऐकू आला तेव्हा कोणीच काही बोलले नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्या तीन प्रती करून भावंडांकडे पाठवल्या. ही राखण कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि तिला पैसेही फारसे पडत नाहीत. तरी इतकी वर्षे आम्हाला ती सुचली नव्हती.

घरावर थेट वीज कोसळली तर कोणतेही यंत्र पुरे पडत नाही, असे काकांनी जाता जाता बजावले. पहिला गडगडाट दुरून ऐकू येताच आई उठून सगळे प्लग काढून ठेवी आणि आम्ही तिला हसत असू. आता ढग दाटू लागले की आम्हीच उठतो.