गुरांच्या मागे गेलेली शाळा

बडोद्याहून मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या सावकाश गाडीत बसले म्हणजे उंबरगाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात घोलवडचे लहानसे स्थानक येते. जलद गाड्यांना त्याचे अगत्य नाही. पश्चिमेस समुद्र, भोवताली चिकूच्या गर्द वाड्या आणि पूर्वेस हळूहळू चढत जाणारा डोंगराळ मुलूख, असा हा डहाणू तालुक्याचा उत्तर भाग आहे. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. येथील चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि मी आले होते ती चिकूसाठी नव्हे. घोलवडपासून जवळच असलेल्या कोसबाडच्या टेकडीसाठी.

माझे येणे थोडेसे प्रायश्चित्तासारखे होते, म्हणून ते आधी सांगते. एका मराठी प्राथमिक शाळेत मी अकरा वर्षे मुख्याध्यापिका होते. निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण द्यावे, असे त्या काळी भाषणांतून फार ऐकू येई. मीही उत्साहाने तिसरीचा वर्ग रोज एक तास आवारातील चिंचेखाली नेऊ लागले. मुले खूश, शिक्षिका नाखूश. दीड महिन्याने एका मुलाला गांधीलमाशी चावली, त्याचा डोळा सुजला, पालकांचा लेखी अर्ज आला आणि तास मुकाट्याने चार भिंतींत परतला. दोष गांधीलमाशीचा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. फळा मी झाडाखाली नेला होता, रांगा नेल्या होत्या, पाढेही तेच नेले होते. चिंचेकडून आम्ही सावलीखेरीज काहीच घेतले नव्हते. निवृत्तीनंतर अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र पुन्हा वाचले आणि ती टेकडी एकदा डोळ्यांनी पाहावी असे मनाने घेतले.

या टेकडीची कथा खरे म्हणजे भावनगरपासून सुरू होते. ताराबाई मोडक राजकोटचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आल्या. तेथे माँटेसरीबाईंच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचे काम चालले होते. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे दादरला शिशुविहार सुरू झाले. शहरातील सुखवस्तू मुलांसाठी हे सर्व उत्तम होते. पण माँटेसरीची साधने महाग, आणि देशातील बहुतेक मुले खेड्यांत. मग बालशिक्षण कोणाचे, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या आचार्य भिसे यांच्या कार्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या बोर्डी गावात आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. त्यांच्या सोबतीस आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, असे दुर्दैव वाट्याला येऊनही शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताईंचे वय तेव्हा पस्तीस होते. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेले माणूस जन्मभर राहते, याची जी उदाहरणे आहेत त्यांत हे एक.

बालवाडी उघडली तरी मुले येईनात. अनोळखी बायांना पाहून ती पळत. घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, आई-बाप मजुरीला गेलेले असत. यावर ताराबाईंनी काढलेला उपाय आज इतका परिचित झाला आहे की, त्यामागचे धाडस कोणाच्या ध्यानात येत नाही. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी. वस्तीतल्या एखाद्या अंगणात जायचे, तेथेच मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, खरजेला औषध लावायचे, मग गाणी आणि गोष्टी. अंगणवाडी हा शब्द असा आला. 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर पसरला. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या शेजारीही अंगणवाडी असेल, पण तिचे माहेर बोर्डीला आहे हे थोड्यांनाच ठाऊक असते.

1957 साली केंद्र बोर्डीहून कोसबाडला आले. बोर्डी समुद्रकाठचे, वाड्यांचे गाव. कोसबाड मात्र वारल्यांच्या पाड्यांच्या मधोमध. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती आणि त्यांवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे, एवढेच आपल्याला वारल्यांविषयी ठाऊक असते. त्या भिंतींआड दारिद्र्य किती खोल होते, हे चित्रात दिसत नाही. येथे सहा-सात वर्षांचे मूल म्हणजे घरातील कमावता हात. ते सकाळी गुरे घेऊन निघे ते दिवस कलल्यावर परते. अशा मुलासाठी अंगणात गेलेली शाळाही उपयोगाची नव्हती, कारण मूल अंगणातच नसे.

तेव्हा शाळा आणखी एक पाऊल पुढे गेली. गुरे जेथे चरतात तेथे शिक्षकाने जायचे. हीच कुरणशाळा. मला या दोन स्त्रियांच्या साऱ्या कामात ही कल्पना सर्वांत मोलाची वाटते. कुरणात घंटा नाही, बाके नाहीत, आणि विद्यार्थ्याचे एक लक्ष सतत गुरांकडे. एखादी गाय शेताच्या बांधाकडे वळली की, तो शब्द अर्धा टाकून धावणार. शिक्षकाने रागावून चालायचे नाही. परत येईपर्यंत थांबायचे. पाटीऐवजी माती, पेन्सिलीऐवजी काटकी. मोजायला खडे, चिंचोके, गुंजा. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद शिकवण्यासाठी माँटेसरीबाईंनी लाकडी ठोकळे घडवून घेतले होते. येथे सागाचे पान, पळसाचे पान आणि नदीतला गोटा तेच काम करीत. तळे हा भूगोलाचा धडा, मुंग्यांचे वारूळ हा शास्त्राचा.

येथे माझ्यासारख्या जुन्या शिक्षिकेला अडखळायला होते. वर्गात शिक्षक हा सर्वांत जाणता असतो, निदान तसे धरून चाललेले असते. कुरणात तसे धरून चालता येत नाही. कोणत्या गवताला गुरे तोंड लावीत नाहीत, कोणती करवंदे अजून तुरट आहेत, साप कोठे असेल, पाऊस किती वेळात पोहोचेल, हे नऊ वर्षांच्या पोराला ठाऊक आणि पदवीधर बाईंना नाही. कळपातील एखादे गुरू हरवले, तर गुराखी न मोजता ओळखतो. त्याला शंभरपर्यंत अंक म्हणता येत नसतील, पण गणिताचे मूळ त्याच्यापाशी असते. ते मूळ ओळखून त्यावर अंकांचे कलम करणे हे शिक्षकाचे कौशल्य. अशा शाळेच्या प्रमुखाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. शिक्षक दृष्टीआड असतो. वेळापत्रक ऋतूवर ठरते. लावणीच्या दिवसांत पटावरची निम्मी नावे शेतात असतात. तपासणी करावी तर कशाची? विश्वासावाचून ही शाळा चालत नाही, आणि हा विश्वास ताराबाईंनी आधी अनुताईंवर टाकला, अनुताईंनी पुढे आपल्या सहकाऱ्यांवर. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या गेल्यावर ही जबाबदारी अनुताईंनी पेलली. 1984 साली त्याही पद्मश्रीने गौरविल्या गेल्या आणि 1992 साली त्यांचे निधन झाले.

एक शंका मात्र मनात ठेवून मी टेकडी चढले होते, ती उतरतानाही पुरती गेली नाही. गरिबाच्या मुलाला झाडाखाली शिकवायचे आणि श्रीमंताच्या मुलाला इमारतीत, असा याचा अर्थ कोणी केला तर? सोय नाही म्हणून उघड्यावर भरवलेल्या शाळा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांना निसर्गशाळा म्हणणे हा ढोंगीपणा होईल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला बारमाही टिकणारी इमारत आणि प्रत्येक शिक्षकामागे एक खोली हवी असे ठरवले, ते योग्यच केले. पण त्या मोजपट्टीवर कुरणशाळा शाळाच ठरणार नाही, आणि गंमत अशी की, आज मोठ्या शहरांतील आई-बाप भरमसाट शुल्क देऊन मुलांना माती आणि झाडे दाखवायला पाठवतात. ताराबाई-अनुताईंना हौस नव्हती. मूल जेथे होते तेथे त्या गेल्या. ते देवळात असते तर त्या देवळात गेल्या असत्या. इमारतीचा हक्क मुलाला मिळालाच पाहिजे. मात्र भातकापणी आटोपल्यावर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या मागे आज कोण जातो, हा प्रश्न इमारतीने सुटत नाही.

रविवार असल्यामुळे टेकडीवर शांतता होती. माथ्यावरून पश्चिमेस चिकूच्या वाड्यांचा काळपट हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्राची फिकट रेघ दिसत होती. उतारावरचे गवत कापले गेले होते, ताड उभे होते. बराच वेळ एका दगडावर बसले.

खाली येताना वाटेत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा चार शेळ्या घेऊन बसलेला भेटला. कितवीत आहेस, असे सवयीने विचारले. पाचवीत, म्हणाला; आज सुट्टी, म्हणून शेळ्या. समोरच्या झुडपाचे नाव मला येत नव्हते, ते विचारले. त्याने नाव सांगितले, एक पान खुडून चुरगाळले आणि वास घ्यायला माझ्यापुढे धरले. मग शेळी ते खात नाही, असे सांगून खात्री पटवण्यासाठी पान शेळीच्या तोंडाजवळ नेले. शेळीने ते खाल्ले. तो इतका हसला की, त्याला धड उभे राहता येईना, आणि मीही रस्त्याच्या कडेला टेकले. गाडीला अजून दीड तास होता. दुसरे कोणते झाड ठाऊक आहे, असे मी विचारले, आणि तो शेळ्या हाकीत पुढे चालू लागला.