भूल देणारी टीम बदलते तेव्हा

भुलेआधी उपाशी का राहायचं, हे आपण मागे पाहिलं. आज थोडं स्वतःबद्दल लिहिते.

मी अमेरिकेत भूलतज्ज्ञ आहे. तुम्हाला वाटेल, पगार हॉस्पिटल देत असेल. पण इथे बऱ्याच ठिकाणी भूलतज्ज्ञांचा स्वतंत्र गट असतो आणि हॉस्पिटल त्या गटाशी करार करतं. रात्रंदिवस डॉक्टर हजर ठेवायचा खर्च नुसत्या बिलांतून निघत नाही, म्हणून हॉस्पिटल वर काही रक्कम देतं. आमच्या गटाने ती वाढवून मागितली. उत्तरादाखल नोटीस आली: ९० दिवसांनी करार संपेल, दुसरी कंपनी येईल.

आता नव्या कंपनीकडे अर्ज करायचा, की दुसरं हॉस्पिटल शोधायचं? दुसरीकडे जायचं तर पुन्हा कागदपत्रांची पडताळणी, त्यात काही महिने जातात. शिवाय घराचं कर्ज, मुलांची शाळा. माझी झोप उडाली. एका सकाळी औषधाचं लेबल तीनदा वाचूनही खात्री वाटेना. तेव्हा गटप्रमुखांना सांगितलं, "आज मोठी केस मला नको." त्यांनी काही न विचारता केस बदलून दिली. मग आम्ही सगळ्यांनीच ठरवलं: थिएटरमध्ये कराराचा विषय काढायचा नाही, आणि ज्याला थकवा वाटेल त्याने न लाजता सांगायचं.

सर्जनही अस्वस्थ होते. रक्तदाब घसरू लागला की मी नुसतं वर पाहिलं तरी त्यांचा हात थांबायचा. ही ओळख करारात लिहिता येत नाही.

शेवटच्या आठवड्यात नव्या लोकांसाठी टिपणं लिहायची होती. डँट्रोलीन कुठे ठेवलंय, रात्री रक्तपेढीला कसं कळवायचं. आधी वाटलं, मी का लिहू? मग ९१व्या दिवशी टेबलावर असणारा पेशंट डोळ्यांसमोर आला. लिहून दिलं. मी स्वतः दुसरीकडे गेले.

तुमच्यासाठी एवढंच: भूल देणारे डॉक्टर तुम्हाला ऑपरेशनच्या थोडंच आधी भेटलेले असू शकतात. म्हणून एक चिठ्ठी जवळ ठेवा. आधीच्या भुलेत झालेला त्रास, घरात कुणाला भुलेत अचानक खूप ताप आला होता का, चालू गोळ्या, ॲलर्जी, हलणारा दात, घोरणं. टीम कुणाचीही असो, ही चिठ्ठी तुमच्याबरोबर राहील.