कूर्माचलांतील देवदारवन

हिमालयांत जावयाचें म्हटलें म्हणजे आपल्याकडील कुटुंबांच्या डोळ्यांपुढें दोनच चित्रें उभीं राहतात. घरांतील वडील मंडळींस बदरी-केदार दिसूं लागतात, आणि तरुण मंडळींस नैनिताल-मसुरीचे थंड रस्ते व तेथील दुकानें. एकांत पुण्य, दुसऱ्यांत मौज. या दोहोंच्या धामधुमींत एक प्रदेश मात्र बाजूसच राहून जातो. तो म्हणजे उत्तराखंड राज्यांतील अल्मोडा जिल्हा. ज्याला कूर्माचल असें जुनें नांव आहे त्या कुमाऊं प्रांताचें हें हृदय होय. गेल्या आश्विनांत आम्ही, आमचें कुटुंब, पुतण्या आणि त्याचीं दोन मुलें असे तेथें बारा दिवस राहून आलों. त्या बारा दिवसांत जें पाहिलें व जें मनाला लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

काठगोदामला आगगाडी संपते. तेथून अल्मोडें सुमारें ९० किलोमीटर. भवाली मागें टाकल्यावर रस्ता खालीं उतरतो व पुढें कोसी नदीची सोबत धरतो. वाटेंत काकडीघाट नांवाचें लहानसें स्थळ लागतें. १८९० सालीं स्वामी विवेकानंद पायीं अल्मोड्याकडे जात असतां येथील पिंपळाखालीं ध्यानस्थ बसले होते आणि पिंडीं तें ब्रह्मांडीं हें तत्त्व त्यांस तेथें प्रत्ययास आलें. बहुतेक मोटारी येथें थांबत नाहींत. ज्यांस घाई नसेल त्यांनीं पाव घटका तरी उतरावें.

अल्मोडें शहर घोड्याच्या खोगिरासारख्या एका डोंगरधारेवर, सुमारें ५,४०० फूट उंचीवर वसलेलें आहे. चंद राजांनीं सोळाव्या शतकांत चंपावतहून आपली राजधानी येथें आणली. १७९० त गुरख्यांनीं तें जिंकलें व १८१५ त तें इंग्रजांच्या हातीं गेलें. हिवतापाचें कोडें उलगडणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस यांचा जन्म १८५७ त येथलाच. शहराच्या जुन्या पेठेंत आजहि तांबटांचीं घरें आहेत. तेथील घागरी पाहून आमच्या कुटुंबास पुण्याच्या तांबट आळीची आठवण झाली व एक घागर घेण्याचा आग्रहहि झाला. ती आगगाडींतून सांभाळून आणतांना पुतण्याची काय दशा झाली तें येथें सांगत नाहीं. मुलांस मात्र 'बालमिठाई' अधिक आवडली. खवा तांबूस होईतों भाजून त्याच्या वड्या पाडतात आणि त्यांवर साखरेचे पांढरे दाणे चिकटवितात.

शहराबाहेर पूर्वेकडील रस्त्यानें निघालें कीं थोड्याच अंतरावर चितईचें गोलू देवाचें देऊळ लागतें. हा देव न्यायाचा. कचेरींत ज्यांची दाद लागली नाहीं ते येथें अर्ज करतात, आणि तोहि कित्येकदां रीतसर मुद्रांकाच्या कागदावर! देवळाच्या आवारांत अशा अर्जांच्या माळाच लोंबत असतात, आणि मनोरथ पूर्ण झालेल्यांनीं वाहिलेल्या लहानमोठ्या घंटा हजारोंनीं टांगलेल्या असतात. दुसऱ्याचें पत्र वाचूं नये हें आम्ही जन्मभर मुलांस शिकवीत आलों, म्हणून नजर वळविली. तरीहि परीक्षेंत यश मिळावें म्हणून लिहिलेल्या दोन ओळी दिसल्याच. अक्षर चांगलें होतें.

त्याच रस्त्यानें पुढें बाडेछिन्याजवळ, सुयाल नदीच्या कांठीं, लखुडियार म्हणून एक मोठी कातळाची कपार आहे. नांवाचा अर्थ लाख गुहा. त्या कातळावर प्रागैतिहासिक काळच्या माणसांनीं पांढऱ्या, काळ्या आणि गेरूच्या रंगांत चित्रें काढलेलीं आहेत. कांहीं जनावरांचीं आहेत, कांहीं नुसत्या लाटांसारख्या रेघा व ठिपके आहेत, परंतु सर्वांत लक्ष वेधून घेतात त्या हातांत हात गुंफून नाचणाऱ्या माणसांच्या रांगा. कुमाऊंतल्या गांवीं सणासमारंभांत स्त्री-पुरुष आजहि असाच एकमेकांस धरून गोल फेर धरतात. किती सहस्र वर्षें ही सांखळी तुटलेली नाहीं, हा विचार मनांत येतो आणि मनुष्य स्तब्ध होतो.

येथून पुढें आर्तोल्यापाशीं मुख्य रस्ता सोडावा लागतो. तेथून जागेश्वर तीन किलोमीटर.

या तीन किलोमीटरांचें वर्णन कसें करावें? दरी अरुंद होत जाते, ऊन मागें राहतें, आणि दोहों बाजूंस देवदारांचे सरळ खांब उभे राहूं लागतात. खालून जटागंगेचा ओहळ वाहतो. आम्ही शाळेंत कालिदास वाचला व पुढें शिकविलाहि, परंतु 'देवदारु' या शब्दाचा अर्थ 'एक वृक्षविशेष' याहून अधिक आम्हांस कधीं सांगतां आला नव्हता. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत सिंह दिलीपास एक देवदार दाखवून त्याची कथा सांगतो. पार्वतीनें त्या झाडाला स्वतः पाणी घालून वाढविलेलें, शंकरानें त्याला पुत्र मानलेलें. एका रानहत्तीनें गंडस्थळ घासून त्याची साल काढली तेव्हां कार्तिकेयाला शस्त्राची जखम व्हावी तसें तिला दुःख झालें, आणि म्हणून सिंहाला तेथें पहाऱ्यावर ठेवलें. वर्गांत ही कथा सांगतांना ती अतिशयोक्ति वाटे. येथें, चार-पांच माणसांच्या कवेंत न मावणाऱ्या बुंध्याशीं उभें राहिल्यावर ती वाटत नाहीं.

देवदारांच्या तळाशीं, सुमारें ६,१०० फुटांवर, सव्वाशेंच्या जवळपास दगडी देवळांचा समूह आहे. सातव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत, आधीं कत्यूरी व पुढें चंद राजवटींत, तीं बांधलीं गेलीं. कांहीं उंच शिखराचीं, आणि कित्येक इतकीं लहान कीं आंत पिंडी राहील, पुजारी राहणार नाहीं. मृत्युंजयाचें व जागेश्वराचें हीं दोन प्रमुख. त्यांच्या शिखरांवर, आमलकावर, लाकडी छत्र चढविलेलें आहे. पाऊस व बर्फ यांपासून दगडाचें रक्षण करण्याची ही पहाडी युक्ति आपल्याकडील देवळांना अपरिचित आहे. खांबांवर व भिंतींवर जुने संस्कृत लेख आहेत. आमचा पुतण्या ते पाहून म्हणाला, "काका, हे तर भिंतीवर नांवें कोरणारे जुने यात्रेकरूच दिसतात!" कांहीं लेखांच्या बाबतींत त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं.

जागेश्वर म्हणजेच बारा ज्योतिर्लिंगांपैकीं दारुकावनांतील नागेश, असें तेथील लोक मानतात. मराठी वाचक येथें थबकेल, कारण आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाविषयींहि आपण तेंच म्हणतों, आणि द्वारकेजवळचे लोक आपल्या नागेश्वराविषयीं तेंच म्हणतात. शिवपुराणांत दारुक राक्षसाचें वन पश्चिम समुद्राकडे सांगितलें आहे. त्या पुराव्यानें पाहिलें तर द्वारकेचें पारडें जड होतें. उलटपक्षीं देवदारुवनांतील ऋषि व दिगंबर शंकर यांची जी कथा अन्य पुराणांत आहे, तिला याहून योग्य जागा शोधूनहि सांपडणार नाहीं. औंढ्यास नामदेवांना विसोबा खेचर गुरु भेटले, एवढें आम्हां मराठी माणसांस पुरे आहे. हा वाद आम्ही तेथील एका वृद्ध पुजाऱ्यांपाशीं काढला तेव्हां ते हंसून म्हणाले, "गुरुजी, वन दाखवा म्हणजे झालें. आमचें अजून उभें आहे."

हें उत्तर ऐकायला गोड आहे, परंतु त्यांतील 'अजून' हा शब्द पुजाऱ्यांच्या तोंडीं सहज आलेला नव्हता. २०२४ सालच्या आरंभीं आर्तोल्यापासूनचा हा रस्ता रुंद करण्यासाठीं सुमारें एक हजार देवदारांवर तोडीच्या खुणा घालण्यांत आल्या. गांवकऱ्यांनीं, विशेषतः बायकांनीं, झाडांस रक्षासूत्रें बांधून विरोध केला. बभ्रा झाल्यावर सरकारला फेरपाहणीचा हुकूम द्यावा लागला. २०२३ च्या ऑक्टोबरांत पंतप्रधान येथें दर्शनास येऊन गेले, तेव्हांपासून येणाऱ्यांची गर्दी वाढलेली आहे. मोटारी समोरासमोर आल्या म्हणजे खोळंबा होतो, हेंहि आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. रस्ता मागणारे सर्वच लोभी असतात असें मानणें अन्यायाचें होईल. प्रसूतीच्या वेणा सुरू झालेली सून घेऊन अल्मोड्यास जाणाऱ्या घराला रस्त्याची किंमत आमच्याहून अधिक कळते. परंतु त्या घरासाठीं हजार झाडें पाडावीं लागत नाहींत. तीं पाडावीं लागतात अल्मोड्याहून दहा वाजतां निघून, तासाभरांत दर्शन उरकून, दुपारच्या जेवणास परत जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मोटारींसाठीं.

आणि अशा धांवत्या पाहुण्यापासून गांवास काय मिळतें? एक नारळ, एक चहा, आणि ओहळांत टाकलेली प्लॅस्टिकची बाटली.

या जिल्ह्याचें खरें दुखणें निराळें आहे. २०११ च्या जनगणनेंत येथील लोकसंख्या ६,२२,५०६ भरली. दहा वर्षांपूर्वींपेक्षां ती कमी होती. सगळ्या देशांत माणसें वाढत असतां येथें तीं घटलीं. त्याच जनगणनेंत दर १,००० पुरुषांमागें १,१३९ स्त्रिया निघाल्या. येथें मुली जास्त जन्मतात असा याचा अर्थ नव्हे, पुरुष दिल्लीस, हल्द्वानीस, पलटणींत गेलेले आहेत. पहाडाचें पाणी आणि पहाडाचें तारुण्य पहाडाच्या कामीं येत नाहीं, अशी तिकडील म्हणच आहे.

आम्ही जागेश्वरच्या वरच्या अंगास एका घरीं पांच दिवस उतरलों होतों. घरधनीण साठी उलटलेली, मुलें तिला तिकडील रीतीनें 'आमा' म्हणजे आजी म्हणत. आम्हांस ती 'दाज्यू' म्हणजे वडील भाऊ म्हणे. दगडी भिंती, पातळ फरशांचें छप्पर, कोरीव लाकडी चौकटी. एकाच लांब ओळींत चार बिऱ्हाडें, त्यांतल्या तिहींना कुलपें. "चार भाऊ होते, चार चुली होत्या," ती म्हणाली. "कुलूप लागलें कीं दोन पावसाळ्यांत तुळई कुजते, दाज्यू. घर चुलीच्या धुरानें टिकतें." ज्यांच्या घरीं अजून एकाच माजघरांत दहा पानें वाढलीं जातात त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

आमच्या मुक्कामाच्या पैशांतून तिनें एका बंद खोलीचें छप्पर उतरवून पुनः घालण्याचें काम काढलें होतें, आणि हल्द्वानीस हॉटेलांत राबणारा धाकटा मुलगा त्यासाठीं परत आला होता. तो राहील कीं नाहीं हें आणखी किती पाहुणे रात्रीं मुक्काम करतात यावर आहे, असें त्यानें आम्हांस स्पष्टच सांगितलें. 'होम-स्टे' या इंग्रजी नांवानें ही सोय आतां पुष्कळ गांवांतून होते.

जेवणाविषयीं वडील मंडळींनीं चिंता करूं नये. मडुआ म्हणून ज्या धान्याची काळसर भाकरी तेथें मिळते ती आपली नाचणीच, आणि 'गहत' म्हणजे आपले कुळीथ. थंडीच्या दिवसांत कुळथाचें कढण पितांना आमच्या कुटुंबास आपण रत्नागिरींत आहों कीं हिमालयांत, असा भ्रम झाला. तेथील बायका उंबऱ्यावर व देवघरापुढें गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानें 'ऐपण' रेखतात. आपल्या बायकांनीं रांगोळीची चिमूट घेऊन शेजारीं बसावें, भाषेची अडचण पडत नाहीं. मकरसंक्रांतीस मुलांच्या गळ्यांत गोड पिठाच्या तळलेल्या पक्ष्यांच्या माळा घालतात व कावळ्यांस बोलावून ते खाऊं घालतात.

आणखी एक नातें. कुमाऊंतील पंत घराणीं आपला मूळ पुरुष कोंकणांतून आला असें परंपरेनें सांगतात. उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत हे याच जिल्ह्यांतील खूंट गांवीं १८८७ त जन्मले. तेथें जोशीहि पुष्कळ आहेत, पण ज्योतिषापासून आलेलें हें नांव कोठेंहि उत्पन्न होऊं शकतें, तेव्हां त्यावरून सोयरीक काढूं नये.

कटारमलचें सूर्यमंदिर मात्र सोडूं नये. कोसी गांवावरून थोडी चढण आहे. सुमारें ७,००० फुटांवर, मुख्य देवळाभोंवतीं चाळीसांवर लहान देवळें आहेत. येथील प्राचीन मूर्ति चोरीस गेल्यावर देवळाचे कोरीव लाकडी दरवाजे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत नेऊन ठेवले. ते तेथें सुरक्षित आहेत, पण दरवाज्याविना देऊळ पाहतांना दांत पडलेल्या आजोबांचें हंसणें आठवतें.

बिनसरच्या अभयारण्यांतून नंदादेवी, त्रिशूल व पंचचूली यांची रांग दिसते. तेथील बांज वृक्षांचें रान पाणी धरून ठेवतें. भोंवतालच्या चीडवृक्षांच्या वाळक्या सुया उन्हाळ्यांत पेट घेतात. १३ जून २०२४ रोजीं याच अभयारण्यांत वणवा विझवावयास गेलेले वनखात्याचे चार कामकरी जळून मेले. यास्तव वैशाख-ज्येष्ठांत जाणें टाळावें, धुरानें हिमशिखरें दिसतहि नाहींत. श्रावण-भाद्रपदांत दरडी कोसळतात. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस उत्तम, किंवा मग फाल्गुन-चैत्र, जेव्हां बुरांसाचीं तांबडीं फुलें डोंगर भरून फुलतात.

वृद्ध माणसांस घेऊन जाणारांनीं उंची सोसते कीं नाहीं हें वैद्यास विचारून घ्यावें, लोकरीचे कपडे पुरेसे न्यावे, आणि अल्मोड्याहून निघतांना सामान मोटारींत पुढें पाठवावें. आर्तोल्यास आपण उतरावें. तेथून रस्ता उताराचाच आहे. आमच्या कुटुंबाच्या गुडघ्यांस दुखणें असूनहि त्यांनीं हे तीन किलोमीटर दोन तासांत, बसत उठत, पार केले. वाटेंत एका देवदाराच्या बुंध्यावर खुणेसाठीं सोललेला सालीचा तुकडा होता, आणि त्याच्याच खालीं लाल दोरा. मुलांनीं विचारलें हें काय, तेव्हां आम्हीं त्यांस दिलीपाची गोष्ट चालतां चालतां सांगितली.