भिंग, पडदा आणि घरातला एक रोखा

१/ आजचा धागा भिंगाविषयी. पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा, घेता येत नाही ती आभासी, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. व्याख्या अचूक आहे. परंतु त्यातील दोन शब्दांनी माझी बरीच वर्षे दिशाभूल केली. ती चूक मला कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या घरी, एका मोडी कागदापाशी उमगली.

२/ आधी थोडा इतिहास. हा भेद प्रथम स्पष्टपणे मांडला तो योहानेस केप्लर याने, १६०४ साली. ग्रहगतीच्या नियमांमुळे आपण त्याला ओळखतो. प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात त्याने दोन निराळे लॅटिन शब्द योजले : डोळ्याला नुसती भासते ती ‘इमागो’, आणि कागदावर प्रत्यक्ष उमटते ती ‘पिक्टुरा’. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावरही असे चित्र उमटते आणि ते उलटे असते, हेही त्यानेच सांगितले.

३/ आता बहिर्वक्र भिंग हाती घ्या. उन्हात धरले की किरण एका बिंदूपाशी एकवटतात आणि कागद जळतो. तो ठिपका म्हणजे सूर्याची वास्तव प्रतिमा, आणि भिंगापासून तिथवरचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. वस्तू या अंतराच्या पलीकडे असेल, तर किरण दुसऱ्या बाजूस खरोखर एकत्र येतात. प्रतिमा उलटी, पण पडद्यावर झेलता येणारी.

४/ वस्तू नाभीय अंतराच्या आत आणली, की भिंगातून निघालेले किरण फाकतच जातात. आपला डोळा त्यांना मागे वाढवून पाहतो आणि वस्तूच्याच बाजूला एक मोठी, सुलटी प्रतिमा कल्पितो. तिथे कागद धरला तर काहीही उमटत नाही, कारण तिथे किरण मिळालेलेच नसतात. ही आभासी प्रतिमा.

५/ पहिल्या प्रकाराचा आपल्याकडील सुंदर दाखला म्हणजे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांची ‘शांबरिक खरोलिका’. १८९२ पासून ते काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर दाखवू लागले. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे आली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे चार वर्षांनंतर. प्रतिमा वास्तव, म्हणून उलटी; त्यामुळे अशा यंत्रात काचपट्टी उलटी घालावी लागते, तेव्हा पडद्यावरचे देव पायांवर उभे राहतात.

६/ माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाची आठवण सांगतात. गर्दी झाली की माणसे पडद्याच्या पलीकडेही बसत. कापडावर झेललेली प्रतिमा तिथूनही दिसे. फक्त उजव्या हातात तलवार धरणारा नायक डावखुरा होऊन जाई. शेकडो माणसे एकाच वेळी पाहू शकतात, हे वास्तव प्रतिमेचे सामर्थ्य.

७/ आमच्या घरातही अशीच एक सर्वांनी मिळून पाहिलेली गोष्ट होती. ट्रंकेत एक जुना मोडी कागद होता आणि तो पेशव्यांनी दिलेल्या इनामाचा, असे तीन पिढ्या सांगत आल्या होत्या. लग्नाकार्यात पाहुण्यांना ते अभिमानाने ऐकवले जाई. कागद मात्र कोणी वाचला नव्हता. मी मोडी शिकून आलो, तेव्हा आबांनी तो माझ्यापुढे ठेवला.

८/ शाई उडालेली, अक्षरे एकात एक गुंतलेली. भिंग कागदाजवळ धरले की अक्षर मोठे होई. दूर नेले की अस्पष्ट होऊन पुढे उलटे दिसे. तासाभराने शब्द लागू लागले. ‘इनाम’ कुठेच नव्हते. होते ते ‘मुद्दल’, ‘व्याज’ आणि ‘गहाण’. तो कर्जरोखा होता.

९/ सांगावे की नाही, या विचारात मी गप्प राहिलो. आबांनीच विचारले, “काय निघालं?” मी सांगितले. ते म्हणाले, “बघू दे मला.” मी एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो आणि ते भिंगातून पाहत गेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हंजे आपण देणेकरी होतो की.” आणि लगेच, “फेडलं का, ते लिहिलंय का?”

१०/ तसे लिहिलेले नव्हते. पण रोखा देणेकऱ्याकडे राहत नाही; तो सावकाराजवळ असतो आणि फेड झाली की परत मिळतो. तो आमच्याच ट्रंकेत सापडला, यावरून कर्ज फिटले असावे असे अनुमान निघते. हा पुरावा नव्हे, अनुमानच. मी आबांना तसेच सांगितले. ते म्हणाले, “मग हे पण सांगत जाऊ पाहुण्यांना.”

११/ त्या दिवशी शाळेतले शब्द जागेवर बसले. ‘वास्तव’ आणि ‘आभासी’ हे शब्द फक्त किरण कुठे मिळतात एवढेच सांगतात. दिसते ते खरे की खोटे, हे सांगत नाहीत. पडद्यावरचा दहा तोंडांचा रावण ही वास्तव प्रतिमा. भिंगाखालचा ‘गहाण’ ही आभासी प्रतिमा, आणि तो शब्द कागदावर खरोखर होता. मात्र तो पाहायला प्रत्येकाला स्वतः वाकावे लागते.

१२/ तुमच्या घरी असे कागद असतील तर त्यांना प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा आणि आधी छायाचित्र काढा. मग मोडी जाणणाऱ्याला दाखवा. घरातली गोष्ट बदलेल, ही तयारी मात्र ठेवा.