नारूची बारव

आमच्या परभणी जिल्ह्यात बारवांना तोटा नाही. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहायला आता लांबून लोक येतात. आमच्या गावची तेवढी देखणी नाही. तीन बाजूंनी पायऱ्या आणि कोनाड्यात शेंदूर फासलेला देव, बस्स. पण माझं राजकारण सुरू झालं ते तिच्यावरूनच.

लहानपणी गावाचा दिवस तिथंच उजाडायचा. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा बैल बसला, कुठल्या घरात भाऊबंदकी पेटली, सगळं घागर भरेपर्यंत कळायचं. जुन्या गावकीसाठी हळहळणारे आमचे पुढारी भाषणात एवढंच सांगतात. काही घरांतल्या बायका रिकामी घागर घेऊन वरच ताटकळायच्या, कुणी ओतलं तर त्यांना पाणी, हे कुणी सांगत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. मी सांगतोय ते त्यानंतर तीसेक वर्षांनी पाहिलेलं.

आणि त्याच पायऱ्यांवर नारू होता. वडिलांच्या घोट्याजवळ फोड आला, फुटला आणि त्यातून शेवईसारखा पांढरा धागा डोकावला. आजी तो काडीला गुंडाळायची. रोज दोन बोटं, हलक्या हातानं. मध्येच तुटला तर पाय सुजून पिकायचा. किडा हातभराहून लांब, त्यावर औषध नाही की लस नाही. पेरणी तोंडावर आणि घरचा कर्ता खाटेवर. आग सोसेना की माणूस बारवेत उतरून पाय बुडवायचा. त्याला गार वाटायचं, आणि तेवढ्यात किडा हजारोंनी अळ्या पाण्यात सोडायचा. त्या सायक्लॉप्स नावाच्या बारीकशा जीवाच्या पोटात जायच्या, तो जीव आमच्या घागरीत यायचा, आणि वर्षभरानं धागा दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून बाहेर. पायऱ्या नसत्या तर हे फिरतं चक्र चाललंच नसतं.

१९७२ च्या दुष्काळात बारवेनं तळ दाखवला. मग बोअर पाडणाऱ्या गाड्या आल्या, हापसा आला. हापशाच्या बाबतीत आमच्या भागानं थोडी ऐट मिरवायला हरकत नाही. जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवला, त्यामागून सोलापूर पंप आला आणि त्यावरून घडलेला इंडिया मार्क टू देशभर गेला. हापशावरही भांडणं झाली, पण दांड्याला सगळ्यांचे हात लागू लागले.

१९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आरोग्य कर्मचारी पाणी फडक्यानं गाळायला शिकवत, विहिरीत औषध टाकत, आणि पायऱ्या बंद करून कठडा बांधा, पोहऱ्यानं पाणी काढा म्हणून मागे लागत. तो ठराव आला तेव्हा मी ग्रामपंचायतीत नवखा सदस्य. म्हातारे भडकले, "देवाच्या पायऱ्या बुजवता व्हय रे?" मला उत्तर सुचेना. वडील उठले, धोतर वर केलं आणि घोट्यावरचा व्रण सभेला दाखवला. बोलले काहीच नाहीत. ठराव मंजूर झाला.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आमच्या गावात कुणी पेढे वाटले नाहीत. रस्त्याला नारळ फुटतो, हापशाला पाटी लागते. न झालेल्या नारूचं उद्घाटन कुणी करावं? आमच्या धंद्याची ही मोठी अडचण आहे. आरोग्याचं चांगलं काम झालं की ते दिसेनासं होतं, आणि जे दिसत नाही त्याला मत पडत नाही.

भूजलाचं दुखणं तर त्याहून अवघड. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे १९९३ च्या कायद्यात आलं. २००९ च्या कायद्यानं अधिसूचित भागात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला बंदी घातली. कागद चोख आहे. पण त्या ५०० मीटरांत राहतात ते सगळे मतदार. उसाला पाणी कमी पडलं की रात्रीतून गाडी येते, सकाळी केसिंग पाइप दिसतो, आणि गावाला ऐकू काहीच आलेलं नसतं. आता जल जीवन मिशनचा नळ दारात आहे, माणशी ५५ लिटरचा हिशेब आहे. नळाखाली जमीन कोरडी असेल तर त्या तोटीचं काय करायचं, हे ग्रामसभेत विचारलं की खुर्च्या वाजू लागतात.

अलीकडे गावच्या पोरांनी बारवेतला राडारोडा उपसला, पायऱ्या मोकळ्या केल्या. महाशिवरात्रीला दिवे लावायचं ठरलं. मला बरं वाटलं. फक्त म्हणालो, "वर पाटी लावा, पाणी पिण्यास अयोग्य."

"काका, फोटोत पाटी येते की!"

"येऊ द्या."

बरीच घासाघीस झाली, शेवटी पाटी लागली. आसपासच्या नव्या बोअरांचा विषय मी पुढच्या ग्रामसभेसाठी लेखी दिलाय. तो 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकललाय असं कळलं. म्हणजे लोक चहा पिऊन घरी गेल्यावर. तेव्हा चहावाल्याला सांगून ठेवलंय, या खेपेला चहा सगळ्यात शेवटी आण.