बेरीज दोन की नऊ?

‘गमावले तर झेपणार नाहीत एवढे पैसे लावलेत का?’ पहिला प्रश्न संपायच्या आतच चिखल्यातल्या त्या खाणकामगाराने उत्तर दिलं, ‘‘कधीच नाही जी.’’

तो मॉयलच्या मँगनीज खाणीत कामाला, मी समाजकार्याची विद्यार्थिनी. हातातली नऊ प्रश्नांची प्रश्नावली कॅनडात 2001 साली फेरिस आणि विन यांनी तयार केलेली. गेल्या बारा महिन्यांबद्दल विचारायचं. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘कधीकधी’ला 1, ‘बहुतेक वेळा’ला 2, ‘जवळजवळ नेहमीच’ला 3. बेरीज 8 किंवा जास्त झाली, तर जुगार हाताबाहेर गेल्याची शक्यता मोठी. किती रुपये लावले, हे ती मुळी विचारतच नाही. हरलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलात का, उसने घेतले का, घरात ओढाताण झाली का, हे विचारते.

त्याची बेरीज आली 2.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, ‘‘पोराची फी कोन्त्या महिन्यात राहिली होती, ते सांगा ना बाईंना.’’

मग हिशेब सणावारांनी सुरू झाला. पोळ्याला पत्ते. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा, तिथलं उसनं. धान निघाल्यावर कोंबडबाजार. मधल्या काळात सट्टापट्टी होतीच. ‘बारा महिन्यांत’ म्हटल्यावर न आठवलेलं सगळं आता नावगावासकट बाहेर येऊ लागलं. याच उत्तरांना पुन्हा गुण दिले, तर बेरीज 9!

अभ्यासाच्या नियमाने कागदावर 2 च राहिले. प्रत्येकाला सारख्याच पद्धतीने विचारलं नाही, तर एकाचे आकडे दुसऱ्याशी ताडता येत नाहीत. 9 मी समासात लिहिले, बायको समोर होती या नोंदीसह.

9 म्हणजे निदानही नव्हे. प्रश्नावली ही चाळणी आहे. 2013 पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदानसूची जुगाराच्या विकाराला व्यसनांच्या गटात धरते. नऊपैकी किमान चार लक्षणं वर्षभरात दिसावी लागतात आणि ती तपासायची डॉक्टरांनी.

म्हणून निघताना टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. बायकोने तो लगेच मोबाइलमध्ये घेतला. त्याने विचारलं, ‘‘याला पैसे लागतेत का जी?’’

‘‘नाही, फुकट आहे.’’

‘‘मंग लाव,’’ तो बायकोला म्हणाला.