ट्रॉलीचा तळ

ट्रॉलीच्या तळाला लाइनर लावायचा की साधा रंग मारायचा, या एका प्रश्नावर मी एप्रिल महिन्यातले तीन शनिवार घालवले. हसू नका. बायको म्हणाली, "घराचा रंग निवडताना इतका वेळ दिला नव्हतास." खरं आहे. पण आमच्या हॉलच्या भिंतीवर कुणी खडी ओतत नाही.

ट्रॉली आमच्या दादाची. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, उंब्रजला शेती करतो आणि ट्रॅक्टर भाड्याने चालवतो. पुण्याहून कोल्हापूरला जाताना सातारा मागे पडलं की कऱ्हाडच्या अलीकडे उंब्रज लागतं. हायवेवरून आपल्याला दिसतात ती दुकानं आणि वडापच्या गाड्या. कृष्णा आणि तारळीचा संगम आहे तो आत, आणि त्या पाण्यावर पोसलेला ऊस.

आता या ट्रॉलीचं वर्षभराचं टाइमटेबल बघा. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की ऊस. उन्हाळ्यात शेणखत, मुरूम, विटा. पेरणीच्या आधी खताची पोती. पावसाळा सरताना सोयाबीन, मग कुणाचं आलं, कुणाचा भुईमूग. पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा, तेव्हा माणसं. भांगलणीच्या दिवसांत बायका. ट्रॉलीतून माणसं नेऊ नयेत असं कायदा म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो; पण सकाळी आठला पंधरा बायकांना मळ्यात पोचवायला दुसरं काही येत नाही.

गेल्या वर्षी याच भांगलणीच्या दिवसांत उतरता उतरता काकीचा पाय पत्र्यातून आरपार गेला. घोट्याच्या वर नऊ टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन काकी तिसऱ्या दिवशी परत शेतात, तो भाग वेगळा.

मला खटकलं ते दुसरंच. तो तळ दिसायला एकदम धडधाकट होता. ट्रॉली सेकंडहँड घेतलेली, आणि आधीच्या मालकाने आतून जाडजूड डांबर फासलं होतं. वरून काळाकुळकुळीत, गुळगुळीत. खालून जळकं ऑइल आणि त्यावर बसलेला चिखल. मधला पत्रा कधी संपला ते कुणाला कळलंच नाही. आमच्या धंद्यात याला जोडीदार आहे: एरर पकडायची, काहीच न लिहिता गिळून टाकायची आणि प्रोग्राम सुरळीत चाललाय असं भासवायचं. असा कोड लिहिणाऱ्याला आपण शिव्या घालतो.

तर दादाने फोन केला, "तू कंप्युटरवर बघून सांग, चांगल्यातलं काय लावायचं. ते अमेरिकेतलं फवारतात ते लावू का?"

'अमेरिकेतलं फवारतात ते' म्हणजे पॉलियुरिया. दोन रसायनं गरम करून मोठ्या दाबाने पिस्तुलात आणतात, तिथे ती एकत्र येतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. दोन-तीन मिलिमीटरचा रबरासारखा, सांधा नसलेला थर. तिकडे पिकअपच्या हौद्याला सर्रास मारतात आणि व्हिडिओत त्यावर हातोडे आपटून दाखवतात. हातोड्याला तो खरंच दाद देत नाही. आमच्या ट्रॉलीचा तळ दहा बाय सहा फूट, म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर; अडीच मिलिमीटरचा थर द्यायचा तर चौदा लिटर माल लागेल. शिवाय त्याआधी ग्रिटचा मारा करून पत्रा पांढरा होईपर्यंत साफ करायला हवा. पुण्यातलं कोटेशन ऐकून दादा म्हणाला, "आरं, तेवढ्यात नवा तळ बसंल की."

पण पैसे हे माझं मुख्य कारण नव्हतं. आपल्याकडे उसाची ट्रॉली भरतात कशी ते पाहिलंय का? आधी तळावर वायर रोप आडवे टाकतात, त्यावर मोळ्या रचतात, आणि कारखान्यात क्रेन त्या रोपांसकट अख्खा भार उचलते. टनावारी ओझं त्या तारांवर, आणि तारा तळाशी घासत. हे हंगामभर. हातोडा बोथट असतो, तुटलेली तार टोकदार. जाड थराला एक जरी चीर पडली तरी रसाचं आणि पावसाचं पाणी आत शिरतं, आणि बाहेर यायला वाट नसते. थर वरून शाबूत, खाली चाळणी. म्हणजे पुन्हा तेच डांबर, फक्त महागातलं.

एपॉक्सीचा विचार मी बराच केला. पत्र्याला धरून बसायला त्याच्यासारखं काही नाही. पण ते कडक, मार लागला की टवका उडतो. आणि उन्हात त्याची पावडर व्हायला लागते. आमची ट्रॉली बारा महिने उघड्यावर. काकांनी लाकडी फळ्या सुचवल्या, जुन्या ट्रकच्या हौद्यात असायच्या तशा. मार सोसतात, हे कबूल. पण शेणखत आणि सोयाबीन एकाच लाकडावर? ते धुवून निघत नाही. जळकं ऑइल आणि डांबर तर मी त्याच कारणाने वरच्या बाजूला बाद केलं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाचे झिजलेले धातू असतात आणि जळणातून आलेली अशी रसायनं, जी धान्याला लागू नयेत. लोक ताडपत्री टाकतात म्हणा. पण ताडपत्रीलाही भोकं असतात.

मग गंज नक्की कुठून येतो ते शोधत बसलो, आणि तिथे खरी मजा आली. मला वाटायचं, पाऊस. पावसाचं पाणी निथळून गेलं तर फारसं बिघडवत नाही. खरा गुन्हेगार खत. पोटॅश म्हणून आपण जे टाकतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, मिठाचाच चुलत भाऊ. त्यातला क्लोराइड गंज चढवतो आणि वर स्वतः संपत नाही, तिथेच राहून पुढचा पत्रा खायला घेतो. फाटक्या पोत्यातून सांडलेली मूठभर पांढरी-लाल भुकटी कोपऱ्यात पडून राहते, त्यावर पाचटाचा ओला गठ्ठा, त्यात उसाचा आंबट रस. दादाच्या ट्रॉलीत भोकं पडली होती ती बरोबर पुढच्या दोन कोपऱ्यांत. ट्रॉली उभी राहते ती पुढे कलून, आणि सगळं पाणी तिथेच साचतं.

म्हणजे अर्धं काम रंगाचं नव्हतंच.

मे महिन्यात दोन वीकेंड गावी गेलो. फॅब्रिकेशनवाल्याने पुढचा तीन फुटांचा सडका तुकडा कापून नवी चार मिलिमीटरची प्लेट बसवली, आणि कोपऱ्यांना अंगठ्याएवढी दोन भोकं पाडली, पाणी जायला. (काका: "पैसे देऊन नव्या प्लेटला भोकं पाडणारे तुम्हीच पहिले.") उरलेल्या तळाचं डांबर खरवडून ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासला. हे करणार असाल तर मास्क घाला. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत काय होतं कोण जाणे. तसंच, पिवळट झिंक क्रोमवाला प्राइमर स्वस्त आणि चांगला, पण त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक. मी झिंक फॉस्फेटवाला मागितला. दुकानदाराने दोन दिवसांनी कऱ्हाडहून आणून दिला.

शेवटी ठरलं ते असं. खालच्या बाजूला, जिथे मार नाही पण चिखल आहे, तिथे एपॉक्सीचे दोन हात. हाताने घासलेल्या पत्र्यावरही बसेल असं लिहिलेलं. तिथे ऊनही लागत नाही. वरच्या बाजूला फक्त प्राइमर आणि साधा ऑइल पेंट, तोही फिक्का राखाडी. सगळे मिळून जाडी एखाद्या वहीच्या पानाएवढी. एका हंगामात तारा तो ओरबाडून काढणार, हे गृहीत. पण फिक्क्या रंगावर तांबडा डाग लांबून दिसतो, आणि दरवर्षी कारखाना बंद झाला की एक दिवस घालून घासायचं आणि परत मारायचं.

दादाला हे आधी पटलं नाही. "म्हणजे दरसाल तेच काम? मग तू एवढं वाचून काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "दादा, इंजिन ऑइल दरवर्षी बदलतोसच की." त्यावर तो काही बोलला नाही, ब्रश उचलला. दुपारी पत्र्याला हात लावणं शक्य नव्हतं, अशा तापलेल्या पत्र्यावर रंग मारला तर वरची साय आधी धरते आणि आत कच्चं राहतं. म्हणून सकाळी नऊच्या आत आणि परत पाचनंतर, चिंचेच्या सावलीत.

खडी-मुरमाच्या खेपेला जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा टाकायचा, कडेला बोल्टने धरून, आणि खेप झाली की काढायचा. हे दादाचं डोकं, माझं नाही. आणि खताची खेप झाली की त्याच संध्याकाळी दोन बादल्या पाणी. ट्रॉली आता उभी करताना दांडीखाली ठोकळा देतात, म्हणजे ती मागे कलते, आणि फाळका उघडा ठेवतात.

हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये, दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मधला रंग पूर्ण गेलाय, तारांच्या रेषा स्पष्ट, सात-आठ तांबडे डाग. कोपरे कोरडे. खाली काकीचा व्हॉइस मेसेज: पुढच्या शनिवारी येणार असशील तर ब्रश घेऊन ये, मागच्या वेळचा तुम्ही धुवून ठेवला नव्हता.